अनंत उत्तरें आणि त्यांचा आधार

शाळेंत आपण जीं समीकरणें सोडविलीं त्यांस बहुधा एकच उत्तर असे. दोन आंबे व तीन पेरू यांची किंमत अमुक, तीन आंबे व एक पेरू यांची तमुक, तर प्रत्येकाची किंमत किती, असा प्रश्न. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलें एक उत्तर. त्याच्याशीं आपलें उत्तर जुळलें कीं विद्यार्थीही सुटला आणि मास्तरही सुटला. मीं आयुष्याचा मोठा भाग असल्या उत्तरांवर खुणा करण्यांत घालविला आहे. आज मात्र मी अशा प्रश्नांविषयीं बोलणार आहें कीं ज्यांचीं उत्तरें अनंत असतात. अनंत उत्तरें थोडक्यांत सांगावयाचीं कशीं, हा आजचा विषय. आधुनिक गणितांत यास मॅट्रिक्सच्या ‘नल-स्पेस’चा, म्हणजे शून्यावकाशाचा, आधार शोधणें असें म्हणतात. मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर. मॅट्रिक्स हा शब्द मला फार उशिरां भेटला. पण त्यामागची कल्पना आपल्याकडे आठशें वर्षांहून जुनी आहे, आणि ती समजण्यास चार मूळ क्रियांपलीकडे कांहीं लागत नाहीं. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घ्यावी, एवढीच विनंति.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला; ‘बीजगणित’ हा त्याचाच एक भाग. खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. ज्या राशी अज्ञात आहेत त्यांना आचार्य रंगांचीं नांवें देतात. पहिली ‘यावत्तावत्’, आणि मग कालक, नीलक, पीतक. म्हणजे काळी, निळी, पिवळी. अनेक अज्ञात राशींच्या प्रकरणास ‘अनेकवर्णसमीकरण’ असें नांव आहे तें यावरूनच. त्या प्रकरणांतील एक उदाहरण असें :

चौघांजवळ अनुक्रमें ५, ३, ६ व ८ घोडे आहेत. २, ७, ४ व १ उंट. ८, २, १ व ३ खेचरें. आणि ७, १, २ व १ बैल. चौघेही सारखेच धनवान आहेत. तर प्रत्येक जनावराची किंमत सांगा.

येथें धन किती हें सांगितलेलें नाहीं, केवळ तें सारखें आहे एवढेंच सांगितलें आहे. म्हणून पहिल्याच्या धनांतून दुसऱ्याचें वजा केलें तर शून्य उरावें, दुसऱ्याच्या धनांतून तिसऱ्याचें वजा केलें तरी शून्य, आणि तिसऱ्यांतून चौथ्याचें केलें तरी शून्य. अशीं तीन समीकरणें मिळतात आणि अज्ञात राशी चार आहेत. घो, उं, खे, बै हीं एकेका जनावराच्या किमतीचीं अक्षरें मानलीं तर

२ घो − ५ उं + ६ खे + ६ बै = ०
−३ घो + ३ उं + खे − बै = ०
−२ घो + ३ उं − २ खे + बै = ०

या तीन ओळींतील अक्षरें काढून टाकून नुसते अंक चौकटींत मांडले, म्हणजे तीन आडव्या ओळींचें व चार उभ्या रकान्यांचें कोष्टक झालें. यालाच मॅट्रिक्स म्हणतात. त्यांत यापेक्षां अधिक गूढ कांहीं नाहीं. उजवीकडे सर्वत्र शून्य आणणाऱ्या किमतींचे जेवढे म्हणून संच संभवतात, त्या सर्वांचा समुदाय म्हणजे त्या कोष्टकाचा शून्यावकाश.

एक उत्तर तर न सोडवितांच दिसतें. सर्व किमती शून्य माना. तिन्ही समीकरणें तत्काळ जुळतात. पण घोडाही फुकट, उंटही फुकट आणि बैलही फुकट, या उत्तरानें बाजार चालत नाहीं. आपल्याला त्यापलीकडचीं उत्तरें हवीं आहेत.

पहिलें व तिसरें समीकरण मिळवा. घोडे उडतात आणि २ उं = ४ खे + ७ बै हें उरतें. पहिल्याची तिप्पट व दुसऱ्याची दुप्पट मिळवा. पुन्हां घोडे उडतात आणि ९ उं = २० खे + १६ बै हें उरतें. आतां पहिलें नऊपट व दुसरें दुप्पट करून उंटांची सोय लावली म्हणजे ४ खे = ३१ बै हें मिळतें. येथून पुढें कांहीं उडविण्यासारखें राहत नाहीं. बैलाची किंमत आपण मनास येईल ती धरावी. ती धरली कीं खेचराची, उंटाची व घोड्याची किंमत आपोआप बांधली जाते. अपूर्णांक टाळण्यासाठीं बैल ४ धरला तर खेचर ३१, उंट ७६ आणि घोडा ८५. आचार्यांनीं दिलेल्या किमती याच. ताळा पाहा : चौघांचेंही धन ८५३ भरतें.

बैल ८ धरला तर साऱ्या किमती दुप्पट, १२ धरला तर तिप्पट. उत्तरें अनंत आहेत खरीं, पण तीं सर्व एकाच संचाच्या पटी आहेत. म्हणून ८५, ७६, ३१, ४ हा एक संच सांगितला म्हणजे सर्व उत्तरें सांगून झालीं. अशा संचास शून्यावकाशाचा आधार म्हणतात. घराचा आधार म्हणजे खांब. येथें एकाच खांबावर सारें छप्पर उभें आहे.

एक खांब नेहमींच पुरतो असें नाहीं. त्याच ग्रंथांतील दुसरें उदाहरण घ्या. पांच पारवे तीन द्रम्मांस, सात सारस पांचांस, नऊ हंस सातांस आणि तीन मोर नऊ द्रम्मांस मिळतात. राजपुत्राच्या करमणुकीसाठीं शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणावयाचे आहेत. पक्षी अशा पुऱ्या गटांनींच घ्यावयाचे असें समजूं. पारव्यांचा एक गट, सारसांचे आठ, हंसांचे तीन व मोरांचे चार गट घेतले तर ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस व १२ मोर मिळून शंभर पक्षी होतात, आणि किंमत ३, ४०, २१ व ३६ मिळून शंभर द्रम्म होते. हें एक उत्तर झालें. दुसरें कसें काढावें?

येथें युक्ति अशी कीं, सारा प्रश्न पुन्हां सोडवूं नये; केवळ अदलाबदलीचा विचार करावा. कोणते गट परत केले व कोणते नवे घेतले असतां पक्ष्यांची संख्याही बदलणार नाहीं आणि किंमतही बदलणार नाहीं? ‘बदलणार नाहीं’ म्हणजे फरक शून्य. पा, सा, हं, मो हे गटांच्या संख्येंतील फरक मानले तर

५ पा + ७ सा + ९ हं + ३ मो = ०
३ पा + ५ सा + ७ हं + ९ मो = ०

एकांतून दुसरें वजा करून दोहोंनीं भागलें तर पा + सा + हं = ३ मो. याच्या साह्यानें पहिल्यांतील पारवे काढून टाकले तर सा = −२ हं − ९ मो, आणि मग पा = हं + १२ मो. म्हणजे पारवे व सारस हे बांधलेले, आणि हंस व मोर हे मोकळे. मोकळ्या राशी दोन आहेत.

आतां आधार काढण्याची रीति ऐका, कारण ती सर्वत्र एकच आहे. मोकळ्या राशींपैकीं एकीला १ द्या व बाकीच्यांना ०. त्यावरून बांधलेल्या राशी काढा. हा एक संच झाला. मग दुसऱ्या मोकळ्या राशीला १ द्या व इतरांना ०. हा दुसरा संच. जितक्या राशी मोकळ्या तितके संच. येथें हंसांना १ व मोरांना ० दिल्यास पारवे १, सारस उणे २, हंस १, मोर ० हा संच येतो. त्याचा अर्थ असा कीं, सारसांचे दोन गट परत करा आणि पारव्यांचा एक व हंसांचा एक गट घ्या. चौदा पक्षी गेले व चौदाच आले, दहा द्रम्म सुटले व दहाच लागले. मोरांना १ व हंसांना ० दिल्यास पारवे १२, सारस उणे ९, हंस ०, मोर १ हा दुसरा संच येतो. त्रेसष्ट पक्षी जातात व त्रेसष्ट येतात. पंचेचाळीस द्रम्म सुटतात व पंचेचाळीस लागतात.

या दोन अदलाबदली हाताशीं असल्या म्हणजे दुसरें कांहीं शोधावें लागत नाहीं. पक्ष्यांच्या बाजारांत जी कोणती बिनखर्चाची अदलाबदल संभवते ती या दोहोंच्याच पटी मिळवून होते. शिवाय यांपैकीं एकही टाकतां येत नाहीं. कारण पहिलींत मोरांना हात लागत नाहीं आणि दुसरींत हंसांना, म्हणून एकीच्या पटी करून दुसरी कधींच मिळणार नाहीं. पुरेसें असावें आणि फाजील नसावें, या दोन अटी पाळणारा संचसमूह तो आधार. तुम्ही दुसरी जोडी निवडूं शकतां. उदाहरणार्थ, दुसऱ्या संचाऐवजीं दोहोंची बेरीज घेतली तरी चालेल. खांब बदलतील, पण खांबांची संख्या मात्र दोनच राहील. ती संख्या कोणाच्या मर्जीवर नाहीं. जितक्या अज्ञात राशी, त्यांतून जितकीं परस्परांपासून न निघणारीं समीकरणें, तीं वजा करावीं. बाकी राहते ती खांबांची संख्या. घोड्यांच्या उदाहरणांत चारांतून तीन जाऊन एक. पक्ष्यांच्या उदाहरणांत चारांतून दोन जाऊन दोन.

येथपर्यंत हें बुद्धीचें मनोरंजन वाटलें असेल. पण ही खांबांची संख्या माणसांच्या व्यवहाराविषयीं कधीं कधीं फार गंभीर गोष्ट सांगते, आणि ती सांगण्यासाठीं मी आमच्या नालवाडीकडे वळतों.

वर्ध्याला लागून असलेल्या या गांवीं विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस राहावयास आले. अस्पृश्य मानलेल्या लोकांची येथें मोठी वस्ती होती. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनीं येथें केला. १९३४ सालीं ग्रामसेवा मंडळ स्थापन झालें. खादीचें काम चाललें, चर्मालयही निघालें. त्याच वर्षीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा मगनवाडींतून त्याचें काम पाहूं लागले. विनोबांना गणिताची अतिशय आवड होती, हें सर्वश्रुत आहे. या सर्व मंडळींपुढें एक प्रश्न होता : गांवांत जो तो दुसऱ्यासाठीं राबतो, तर कोणाच्या श्रमाचें मोल किती धरावें? हा प्रश्न नीतीचा आहे खराच. पण त्याचा एक भाग शुद्ध गणिताचा आहे. वासिली लिओंटिफ या अर्थशास्त्रज्ञानें देशांतील सर्व धंद्यांच्या परस्पर देवघेवीचें असेंच कोष्टक मांडण्याची पद्धति सिद्ध केली, आणि तिच्यासाठीं त्याला १९७३ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आपण एक लहानसें गांव कल्पूं. यांतील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. गांवांत एक शेतकरी, एक विणकर व एक चर्मकार. शेतकरी वर्षाच्या धान्यांतील अर्धें ठेवतो, पाव विणकरास व पाव चर्मकारास देतो. विणकराच्या कापडांतील अर्धें शेतकऱ्याकडे, पाव चर्मकाराकडे जातें व पाव त्याच्याच घरीं राहतें. चर्मकाराच्या मालांतील पाऊण भाग मोटा व जोडे यांसाठीं शेतकरी घेतो, पाव त्याच्याकडेच उरतो. विणकर कांहींच घेत नाहीं. कोणीही कर्जांत पडूं नये, म्हणजे जो जितक्या मोलाचें घेईल तितक्याच मोलाचें त्यानें पिकवावें, अशी अट घाला. घेणें वजा देणें बरोबर शून्य. धान्य, कापड व चामडें यांचें मोल मग ९, ३ व ४ या प्रमाणांत येतें. विणकराचा ताळा पाहा : धान्याचा पाव भाग सव्वादोन आणि स्वतःच्या कापडाचा पाव भाग पाऊण, मिळून तीन. बाकीचे दोन ताळे श्रोत्यांनीं पाहावे.

समीकरणें तीन आणि राशीही तीन, मग बाकी शून्य कां राहिली नाहीं? कारण एकाचें देणें तेंच दुसऱ्याचें घेणें. दोघांचा हिशेब जुळला कीं तिसऱ्याचा आपोआप जुळतो. खरीं समीकरणें दोनच. म्हणून खांब एक. नऊ म्हणजे नऊ रुपये कीं नऊशें रुपये, एवढेंच काय तें मोकळें; कोणाचें मोल कोणाच्या किती पट, हें मात्र पक्कें बांधलेलें.

आतां दुसरें गांव कल्पा. वेशीच्या आंत शेतकरी व विणकर, वेशीच्या बाहेर चर्मकार व बुरूड. आंतले आंतल्यांशीं व्यवहार करतात, बाहेरचे बाहेरच्यांशीं. शेतकरी पाऊण धान्य ठेवून पाव विणकरास देतो, विणकर अर्धें कापड शेतकऱ्यास देतो. चर्मकार अर्धा माल बुरुडास देतो, बुरूड एक तृतीयांश टोपल्या चर्मकारास देतो. सोडवून पाहिलें तर धान्य व कापड २ व १ या प्रमाणांत येतात. चामडें व टोपल्या २ व ३ या प्रमाणांत. पण धान्य आणि चामडें यांच्यांत प्रमाण कोणतें? कोणतेंही! आधाराचे संच दोन झाले : २, १, ०, ० हा एक आणि ०, ०, २, ३ हा दुसरा. चौघांच्या नांवांची यादी एक, पाटी एक, पण हिशेबाच्या दृष्टीनें हीं गांवें दोन आहेत. आंतल्या मोलाशीं बाहेरच्या मोलाचा संबंध गणित ठरवूं शकत नाहीं. तो मग ज्याच्या हातीं सत्ता असेल तो ठरवितो.

आपलीं खरीं गांवें अशीं पूर्ण तुटलेलीं नव्हतीं. बलुत्याची देवघेव होतीच. म्हणून तिसरा प्रकारही पाहूं. वरच्याच गांवांत चर्मकार आपल्या मालाचा पाव भाग वेशीच्या आंत शेतकऱ्यास देतो आणि बुरुडास आतां पावच देतो. पण वेशीच्या आंतून बाहेर कांहींच येत नाहीं. आतां समीकरणें सोडवा. खांब पुन्हां एक होतो, गांव जोडलें गेलें असें वाटतें. पण तो संच कोणता? २, १, ०, ०. चर्मकाराचें मोल शून्य, आणि त्याच्याशीं व्यवहार करणाऱ्या बुरुडाचेंही शून्य. जो देतो आणि ज्याला परत मिळत नाहीं, त्याच्या श्रमाची किंमत या हिशेबांत शून्यच निघते. मग तो कितीही राबो. वेठबिगारीचें याहून कोरडें व स्पष्ट वर्णन मला ठाऊक नाहीं.

आणि शेतकऱ्यानें स्वतःसाठीं ठेवलेल्या पाऊण धान्यांतून पाव भाग चर्मकारास दिला तर? केवळ एवढाच बदल कोष्टकांत करा. उत्तर ४, २, ४, ३ असें येतें. धान्य चार, कापड दोन, चामडें चार, टोपल्या तीन. एकही शून्य नाहीं, आणि खांब एक. चर्मकाराच्या वर्षाच्या श्रमाचें मोल शेतकऱ्याच्या श्रमाइतकें ठरलें, आणि ज्या बुरुडाचा शेतकऱ्याशीं कधीं प्रत्यक्ष व्यवहारच झाला नाहीं, त्यालाही त्याचें मोल मिळालें. वाट दोन्हीकडून खुली झाली, एवढेंच काय तें झालें.

गणितानें गांव सुधारतें असें मी म्हणत नाहीं. वाट खुली करण्याचें काम माणसांचेंच. परंतु ‘सर्वांचे हिशेब जुळले आहेत’ असें कोणी सांगितलें, तर तेवढ्यावर समाधान मानूं नये, एवढें गणित शिकवितें. शून्याशीं जुळणारे हिशेब तिन्ही गांवांत जुळले होते. पाहावयाचें असतें तें हें कीं, त्या उत्तरांना आधार किती खांबांचा आहे, आणि त्या खांबांत कोणाच्या नांवापुढें शून्य लिहिलेलें आहे.

ज्यांच्या घरीं शाळकरी मुलें आहेत त्यांना एक सांगतों. ‘याचें उत्तर एक येत नाहीं, म्हणजे प्रश्न चुकला’ असें मूल म्हणूं लागलें तर त्याला तो प्रश्न टाकूं देऊं नका. कोणती राशि मोकळी आहे व कोणती बांधलेली आहे, हें त्याला विचारा. आणि सरावासाठीं राजपुत्राचे पक्षी द्या. प्रत्येक जातीचा निदान एक गट घ्यावयाचा असेल तर त्या प्रश्नाचीं एकंदर सहा उत्तरें आहेत. त्यांतील एक मीं वर दिलें आहे. उरलेलीं पांच त्या दोन अदलाबदलींनीं कागदाच्या एका पाठीवर निघतात.